विकाऊ घराचा रंग

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून काहींनी आधीच विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांनी घराच्या रंगरंगोटीवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण घर विकण्याआधी ते बाहेरून किती सजवावं आणि सजवताना काय झाकलं तर चालेल, यावर दोन हजार वर्षांपूर्वी तत्त्वज्ञ आणि वकील अगदी हातघाईवर आले होते. ते भांडण आज आपण पाहणार आहोत. तेच मुद्दे आपल्या खरेदीखतामागच्या कायद्यातही भेटतात, म्हणून शेवटी तिकडेही येऊ.

घर विकायला काढलं की पहिला सल्ला सगळीकडे एकच मिळतो. एजंट फाटकापाशी उभा राहतो, आत न येताच वर-खाली बघतो आणि म्हणतो, ‘बाहेरून एक हात मारून घ्या. फाटकाला ऑइलपेंट, कुंड्या जरा पुढे आणा, तो गंजका पत्रा काढा.’ आतल्या खोल्या त्यानं अजून पाहिलेल्याही नसतात. गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आधीच निम्मं ठरवून मोकळं होतं, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं.

हे शहाणपण घरांपुरतं नाही. आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारात जे कधी गेले असतील त्यांनी पाहिलं असेल. विकायचा बैल आदल्या दिवशी धुतात, शिंगं तासून रंगवतात, गळ्यात नवा गोंडा येतो. इथवर कुणाची हरकत नसते. पण गाय विकताना कास भरलेली दिसावी म्हणून सकाळची धार न काढताच तिला बाजारात उभी करतात, तेव्हा प्रकरण वेगळं होतं. म्हणून जाणता गिऱ्हाईक शिंगांकडे बघतच नाही. तो दात बघतो, चालवून बघतो, कास चाचपतो. शिंगाचा रंग आणि कासेतलं साठवलेलं दूध, दोन्ही सजावटच. मग फरक कुठे पडतो? आजचा सगळा विषय खरं तर एवढाच आहे.

आता रोमला जाऊ.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीला सेर्जियस ओराता नावाचा एक गृहस्थ होता. नेपल्सच्या जवळ बाये नावाचं समुद्रकाठचं ठिकाण आहे. रोममधल्या श्रीमंतांचं ते हवा खायचं गाव. तिथे या ओरातानं कालवांची शेती सुरू केली. कोकणातली मंडळी कालवं म्हटल्यावर लगेच ओळखतील. थोरला प्लिनी, जो पुढे इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, तो आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’ या ग्रंथाच्या नवव्या खंडात सांगतो, की असा उद्योग करणारा हा पहिलाच माणूस, आणि त्यानं तो जिभेच्या चोचल्यांसाठी नाही, पैशासाठी केला. त्याच ओघात प्लिनी त्याच्या दुसऱ्या धंद्याबद्दलही बोलतो. ओरातानं एक नवीन प्रकारची न्हाणीघरं काढली. ‘अधांतरी न्हाणी’ असा त्या शब्दांचा सरळ अर्थ. ती नेमकी कशी होती यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात आपण शिरायला नको. ओराता बंगले घ्यायचा, त्यांत ही न्हाणी बसवायचा, बंगला नटवायचा आणि विकायचा. मग पुढचा बंगला.

प्लिनीनं या नटवण्यासाठी वापरलेलं क्रियापद मोठं बोलकं आहे. ते ‘मांगो’ या लॅटिन शब्दापासून आलंय. आंब्याशी त्याचा काही संबंध नाही, जरी पेटीतल्या वरच्या थराची आठवण येणं साहजिक असलं तरी. मांगो म्हणजे माल नटवून विकणारा व्यापारी, आणि विशेषतः गुलामांचा व्यापारी. माणसं बाजारात उभी करण्याआधी त्यांना तेल लावायचं, वय लपवायचं, व्रण झाकायचे, हा त्याचा उद्योग. म्हणजे घर सजवून विकणं या कृतीला प्लिनीला जो शब्द सुचला तो थेट गुलामांच्या बाजारातला. त्या बाजारात फसवणूक इतकी चालायची, की गुलामाचे आजार आणि खोडी विक्रेत्यानं आधी सांगितल्याच पाहिजेत असा बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा हुकूम होता. ज्याची विक्री चाललीय त्या माणसाची दया म्हणून तो हुकूम नव्हता, हे आपण विसरायचं नाही. कळवळा सगळा गिऱ्हाइकाचा.

आता सिसेरोकडे येऊ, कारण खरी सामग्री त्याच्याकडे आहे. इ. स. पूर्व ४४. मार्चमध्ये सीझरचा खून झालेला. सिसेरोची राजकारणातली सद्दी जवळजवळ संपलेली. मुलगा अथेन्सला शिकायला ठेवलेला. त्या मुलाला उद्देशून तो कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहितो, ‘दे ऑफिकीस’. त्याच्या तिसऱ्या भागात प्रश्न असा घेतलाय, की जे सचोटीचं आहे आणि जे फायद्याचं दिसतं त्यांच्यात विरोध आला तर काय करावं? इथे एखादा राजा, एखादं युद्ध, असं उदाहरण येईल असं वाटतं. तीही आहेत. पण सिसेरो बराच वेळ रमतो तो घरांच्या सौद्यांत. आम्ही विद्यार्थ्यांना हा भाग शिकवायचो तेव्हा सगळ्यांत जास्त आवाज वर्गात इथे व्हायचा, कारण प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी काही तरी विकलेलं असायचं.

त्यातली एक गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. कॅनियस नावाचा एक रोमन सरदार, बुद्धीनं हुशार, वाचलेला, विनोदी. तो सिसिलीतल्या सिराक्यूजला विश्रांतीसाठी गेला. लोकांना सांगत सुटला, की एखादी छोटी बाग-बंगली मिळाली तर बघतोय, मित्रांना बोलवावं, निवांत बसावं. हे पिथियस नावाच्या तिथल्या एका सावकाराच्या कानावर गेलं. तो म्हणाला, विकायची नाही बुवा, पण माझी बाग आहे, आपलीच समजून वापरा; उद्या जेवायला या. आणि सावकार असल्यामुळे त्याचा सगळ्या थरांत वशिला. त्यानं कोळ्यांना बोलावून सांगितलं, की उद्या मासेमारी माझ्या बागेसमोरच्या पाण्यात करा.

दुसऱ्या दिवशी कॅनियस जेवायला येतो. पंगत थाटाची, आणि समोर पाण्यात होड्याच होड्या. एकेक कोळी येतो आणि पकडलेले मासे पिथियसच्या पायाशी आणून टाकतो. कॅनियस थक्क. एवढ्या होड्या? एवढे मासे? पिथियस अगदी सहज सांगतो, त्यात काय, सिराक्यूजला जे काही मासे मिळतात ते इथेच, गोडं पाणीही इथूनच भरतात, या बंगलीशिवाय या लोकांचं चालत नाही. झालं. कॅनियस हट्टाला पेटला. पिथियसनं आधी आढेवेढे घेतले, मग सांगेल त्या किमतीला, सामानसुमानासकट बंगली देऊन टाकली. वहीत नोंद झाली, व्यवहार पुरा.

पुढच्या दिवशी कॅनियसनं मित्रांना बोलावलं आणि स्वतः लवकर जाऊन बसला. पाण्यात एक वल्हंसुद्धा नाही. शेजाऱ्याला विचारलं, आज कोळ्यांचा सण आहे का? शेजारी म्हणाला, माझ्या माहितीत तर नाही, पण इथे कुणी मासे धरतच नाही. कालच आम्हाला नवल वाटत होतं की हे काय चाललंय.

या गोष्टीत पिथियसनं घराला हात लावलेला नाही, हे लक्षात घ्या. एक वीट हलवली नाही, रंगाचा एक हात मारला नाही. त्यानं फक्त घराच्या समोरचं दृश्य एका दिवसापुरतं बदललं. रस्त्यावरून किंवा समुद्रावरून घर कसं दिसतं याची किंमत असते, हे त्याला इतकं पक्कं कळलं होतं, की त्यानं फक्त तेवढंच विकलं. कॅनियस पुढे काय करू शकत होता? काही नाही. सिसेरो सांगतो, की त्याचा स्नेही गायस अक्विलियस यानं कपटाविरुद्ध दाद मागायचा कायदेशीर मसुदा अजून तयार केलेला नव्हता. इ. स. पूर्व ६६ मध्ये सिसेरो आणि अक्विलियस दोघेही प्रेटर होते. अक्विलियसची कपटाची व्याख्या एका वाक्यात बसते. दाखवायचं एक आणि करायचं दुसरं, म्हणजे कपट.

पिथियस फसवणारा होता यात कुणाला शंका नाही. अवघड माणूस दुसराच आहे, जो खोटं काहीच बोलत नाही, फक्त गप्प राहतो. त्याच्यासाठी सिसेरो दोन स्टोइक तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो. एक बॅबिलोनचा डायोजिनीस. हा रांजणात राहणारा डायोजिनीस नव्हे, तो वेगळा, हा इ. स. पूर्व १५५ मध्ये अथेन्सच्या शिष्टमंडळातून रोमला आला होता. दुसरा त्याचाच शिष्य आणि पुढे त्याच्या गादीवर आलेला, टार्ससचा अँटिपेटर. उदाहरण असं. एक सज्जन माणूस घर विकतोय. घराचे दोष त्याला एकट्याला माहीत आहेत. घर रोगट आहे आणि लोक ते निरोगी समजतात. झोपायच्या खोल्यांत साप निघतात. काही भाषांतरकार इथे साप न म्हणता ‘उपद्रवी जीव’ असं मोघम घेतात. लाकूडकाम कुजलंय, वासे कधीही कोसळतील. मालक बोलत नाही आणि अपेक्षेपेक्षा जास्त भावानं घर विकतो. त्यानं अन्याय केला का?

अँटिपेटर म्हणतो, केला. वाट चुकलेल्याला वाट न दाखवणाऱ्या माणसाला अथेन्समध्ये जाहीर शाप देत. इथे तर त्याहून वाईट आहे, कारण तुम्ही दुसऱ्याला जाणूनबुजून चुकीच्या वाटेवर जाऊ देताय.

डायोजिनीसचं उत्तर मात्र ऐकण्यासारखं आहे, आणि वर्गात नेहमी निम्मे विद्यार्थी त्याच्या बाजूला जायचे. तो म्हणतो, तुम्हाला घ्या म्हणून कुणी जबरदस्ती केली का? मालकानं साधा आग्रहही केला नाही. त्याला नको होतं ते त्यानं विकायला काढलं, तुम्हाला हवं होतं ते तुम्ही घेतलं. घराच्या जाहिरातीत लोक ‘उत्तम, पक्कं बांधकाम’ असं लिहितात, ते खरं नसलं तरी त्यांना कुणी लबाड म्हणत नाही. मग ज्यानं स्तुतीही केली नाही त्याला का म्हणायचं? आणि विक्रेत्यानं दवंडीवाल्याला ‘रोगट घर विकणे आहे’ असं ओरडायला लावायचं का?

दवंडीची ही कल्पना हास्यास्पद आहे हे खरंच. पण जाहिरातीत ‘उत्तम बांधकाम’ लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, कारण ते कुणीच खरं मानत नाही, हा जो त्याचा मुद्दा आहे तो आजच्या जाहिरातींनाही लागू पडतो. ‘भरपूर उजेड, प्रशस्त’ हे शब्द वाचून आपण कुणी फसत नाही. फसतो ते शब्दांनी नव्हे, डोळ्यांनी.

सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूनं. तो म्हणतो, प्रत्येक गप्प राहणं म्हणजे लपवणं नाही. पण जे कळणं दुसऱ्याच्या हिताचं आहे ते त्याला कळू नये अशी इच्छा स्वतःच्या लाभासाठी धरणं, म्हणजे लपवणं.

त्याला पुरावा म्हणून तो न्यायालयातला एक निकाल देतो. रोममध्ये शकुन पाहणारे पुरोहित किल्ल्यावरून आकाशाचं निरीक्षण करायचे. सेंतुमालस नावाच्या गृहस्थाचं सीलियन टेकडीवरचं घर त्यांना आड येत होतं. उंच भाग पाडा, असा त्यांनी हुकूम दिला. सेंतुमालसनं पाडायच्या ऐवजी घर विकायला काढलं. लानारियसनं घेतलं. मग तोच हुकूम लानारियसला आला, त्यानं पाडापाड केली, आणि नंतर त्याला कळलं की विक्री हुकुमानंतर निघाली होती. तो पंचासमोर गेला. निकाल दिला मार्कस कॅटोनं, प्रसिद्ध धाकट्या कॅटोच्या वडिलांनी. विकताना माहीत होतं आणि सांगितलं नाही, तेव्हा विकणाऱ्यानं नुकसान भरून द्यावं. आपल्याकडे रस्तारुंदीच्या रेषेत गेलेली घरं विकली जातात, त्यांच्या मालकांना हा निकाल ओळखीचा वाटेल.

आणि पुढे सिसेरो एक गंमत करतो. मघाचा बंगले नटवणारा ओराता इथे परत येतो. त्यानं एक घर सिसेरोच्या नात्यातल्या ग्रातिदियानसला विकलं होतं. काही वर्षांनी ग्रातिदियानसनं तेच घर ओरातालाच परत विकलं. त्या घरावर दुसऱ्याचा एक हक्क होता, म्हणजे कायद्याच्या भाषेत सुखाधिकार, आणि त्याचा उल्लेख व्यवहारात करायचा राहिला. ओराता भांडायला उठला! त्याच्या बाजूनं वकील क्रासस, म्हणाला की दोष माहीत असून सांगितला नाही, भरपाई द्या. समोर अँटोनियस, म्हणाला की ज्यानं हे घर आधी स्वतः विकलं त्याला काय सांगायचं होतं? त्याला ठाऊकच होतं. निकाल काय लागला ते सिसेरो देत नाही. त्याला मुद्दा हवा होता तो एवढाच, की गिऱ्हाइकाला आधीच माहीत असलेली गोष्ट न सांगणं ही फसवणूक होत नाही.

याचीच दुसरी बाजू इंग्लंडमधल्या बाथ शहरात दिसते. तिथली रॉयल क्रेसेंट ही अर्धचंद्राकार तीस घरांची रांग १७६७ ते १७७४ या काळात धाकट्या जॉन वुडनं उभी केली. समोरून ती एखाद्या राजवाड्यासारखी एकसंध दिसते. पण प्रत्यक्षात गिऱ्हाइकानं त्या दर्शनी भिंतीची ठरावीक लांबी घ्यायची आणि मागे आपापल्या कारागिराकडून हवं तसं घर बांधून घ्यायचं, असा व्यवहार होता. मागच्या बाजूनं गेलात तर छपरं वरखाली, खिडक्या कुठेही. इथे मुखवटाच विकला गेला, राजरोस, आणि घेणाऱ्याला पुरतं माहीत होतं की तो काय घेतोय. कुणी फसलं नाही. देखावा म्हणजे लबाडी हे समीकरण प्लेटोच्या भक्तांना फार प्रिय आहे, आम्हालाही एके काळी होतं, पण ते टिकत नाही.

मग आपला कायदा काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये घोड्याचं एक उदाहरण आहे. लिलावात अधू घोडा विकताना मालक गप्प राहिला, तर ते कपट नाही. डायोजिनीस खूश! पण लगेच पुढचं उदाहरण, की घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर नातंच असं आहे की सांगायला हवं. आणि त्याच कलमात हेही आहे, की माहीत असलेली गोष्ट कृती करून झाकणं हे कपट. म्हणजे गप्प राहणं एक आणि झाकणं दुसरं.

घरांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे जातो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, जो मुंबई इलाख्याला सुरुवातीला लागू नव्हता, नंतर झाला. त्याचं कलम ५५. मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो कळण्यासारखा नाही, तर विकणाऱ्यानं तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं हे कपट समजलं जाईल असं त्याच कलमात म्हटलंय. उलट बाजूही आहे. विकणाऱ्याच्या हक्काविषयी, किंमत बरीच वाढवणारी एखादी गोष्ट घेणाऱ्याला माहीत असेल आणि विकणाऱ्याला नसेल, तर ती त्यानं सांगायची. नव्या इमारतींसाठी २०१६ च्या रेरा कायद्यानं नमुना सदनिकाही पकडली आहे. ती किंवा जाहिरात पाहून पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघाली, तर बिल्डरनं भरपाई द्यायची. पिथियसच्या होड्या म्हणजे नमुना सदनिकाच की.

पण कलम ५५ मधल्या ‘साधारण काळजी’ या शब्दांपाशी थोडं थांबू. भिंतीला आडवी भेग आहे, खाली पोपडे आलेत, ओलीचा पिवळा डाग आहे. घेणारा पाहू शकतो. त्यानं पाहिलं नाही तर ती त्याची चूक, विकणाऱ्यानं तोंड उघडायची गरज नाही. भिंत स्वतःच सांगते आहे. आता विकणाऱ्यानं लांबी भरली, प्रायमर मारला, वर दोन हात रंग दिला. दोष तोच आहे, तेवढाच आहे. पण कालपर्यंत तो कुणालाही दिसत होता, आज फक्त एकाच माणसाला माहीत आहे. ज्या क्षणी आपण भिंतीला गप्प केलं, त्या क्षणी तिच्या वाट्याचं बोलणं आपल्याकडे आलं. बैलाच्या शिंगाला लावलेला रंग काही गप्प करत नाही. शिंग शिंगच असतं. कासेत साठवलेलं दूध मात्र एक खरी गोष्ट दडवतं. फाटकाला रंग द्या, कुंड्या मांडा, पत्रा काढा, डायोजिनीस आणि अँटिपेटर दोघंही तुम्हाला काही बोलणार नाहीत. गळणाऱ्या भिंतीचा रंग वेगळा.

हे आम्ही इतक्या खात्रीनं सांगतोय त्याला कारण आहे. निवृत्तीनंतर आम्ही आमचं जुनं घर विकलं. पश्चिमेच्या भिंतीतून दर पावसाळ्यात पाणी यायचं. एजंटनं सांगितलं तसा आम्ही रंग काढला, आणि रंगारी कामात हुशार निघाला. मे महिन्यात ती भिंत बघून आम्हालाच वाटलं की उगीच घर विकतोय. घेणारं जोडपं तरुण होतं, हातात लहान मूल. दोनदा येऊन गेले. भिंतीबद्दल त्यांनी विचारलं नाही, आम्ही बोललो नाही. बयाणा झाला. तिसाहून अधिक वर्षं कॅनियसची गोष्ट सांगणाऱ्यांनी बयाणा घेतला. रात्री जेवताना घरातूनच प्रश्न आला, ‘वर्गात काय शिकवत होतात?’ साठेखताच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना बोलावलं आणि भिंत दाखवली. तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग किमतीतून वॉटरप्रूफिंगचा खर्च वजा झाला आणि व्यवहार पार पडला. अँटिपेटरनं यासाठी आम्हाला शाबासकी दिली नसती. सांगायची वेळ पैसे हातात पडण्याच्या आधीची होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. पश्चिमेची भिंत कोरडी होती. पाणी स्वयंपाकघराच्या वरच्या स्लॅबमधून येत होतं, जिथून आमच्या काळात ते कधीच आलं नव्हतं. त्यानं रागानं नाही, अगदी सरळ विचारलं, ‘सर, हे तुम्हाला माहीत होतं का?’ आम्ही ‘नाही’ म्हणालो. ते खरं होतं. तो ‘बरं’ म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानं विश्वास ठेवला की नाही, हे त्या ‘बरं’वरून आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.